साळूबाईच्या गाडीचा उजवा डोळा

एका जंगलात, जिथं निम्म्या जनावरांना अंधारात लख्ख दिसायचं, तिथं दिव्यांच्या गाड्या आल्या.

कुठलं जंगल, राजा कोण, ते विचारू नका. राजा होता, पण तो झोपलेला असायचा. आणि गाडीला बैल कुणाचे, तेही विचारू नका. बैल व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणूनच तर आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या ना!

त्या जंगलात साळूबाई राहायची. साळूबाई म्हणजे साळिंदर. पाठीवर हातभर लांब काटे, पण तळवे लोण्यासारखे मऊ. ती सुईण होती. सशाच्या बिळापासून गव्याच्या कळपापर्यंत अर्धं जंगल तिच्या हातावर जन्मलेलं. पोट नुसतं चाचपून सांगायची, डोकं कुठं, पाय कुठं, आणि बाळ आईवर गेलंय की आत्यावर.

तिची आधीची गाडी साधी होती. पुढं एक कंदील टांगलेला, कंदिलाला झाकण. दिवस मावळला की झाकण उघडायचं, झुडपावरचे दोन काजवे आत सोडायचे. सकाळी झाकण उघडलं की काजवे आपले उडून जायचे. त्यांचंही काही म्हणणं नसायचं. रात्रभर फुकट फिरायला मिळतंय, कोण नाही म्हणेल?

मग कुणीतरी एक नवी गाडी आणली. तिचे दिवे एवढे झगझगीत, की समोरच्याला काही म्हणता काही दिसेना. समोरचा दोनदा ओढ्यात पडला. तिसऱ्यांदा त्यानं तिच्यापेक्षा झगझगीत गाडी घेतली. मग त्याच्या समोरचे ओढ्यात पडू लागले. असं करता करता सगळ्या जंगलानं गाड्या बदलल्या. साळूबाई तेवढी राहिली होती. ओढ्यात पाच वेळा जाऊन आल्यावर तिनंही जुनी गाडी मोडीत दिली, घरचा दीडशे पायली हिरडा मोजला आणि नवी गाडी आणली.

गाडी देताना सरडा म्हणाला, "साळूताई, याला आता कंदील म्हणायचं नाही हं. हे डोळे. वळणावर आपोआप वळतात. समोरून कुणी मोठं आलं की खाली बघतात."

"अगं बाई! सुनेला नाही एवढी रीत."

"आणि संपूर्ण बंद. पाणी आत जाणार नाही, धूळ आत जाणार नाही."

साळूबाई खूश झाली. पाणी आत जाणार नाही, धूळ आत जाणार नाही. आतला काजवा बाहेर कसा काढायचा, हे काही तिनं विचारलं नाही. तुम्ही तरी विचारलं असतं का?

वर्षभर गाडी छान चालली. एका संध्याकाळी चिंचेच्या वळणावर उजवा डोळा दोनदा लुकलुकला आणि मिटला तो मिटलाच.

साळूबाईनं काचेवर टिचकी मारली. पदरानं पुसली. दोन शिव्या दिल्या. डोळा उघडेना.

चिंचेवर हुप्प्या वानर बसला होता. तो वरून ओरडला, "साळूबाई, या वयात कुणाला डोळा मारताय?"

"तुझ्या बापाला," साळूबाई म्हणाली. "त्यालाही मीच बाहेर काढलंय. पायाळू होता मेला."

बोलली खरी ती तोऱ्यात, पण मनात चरकली. कारण ऐका.

खिंडीच्या पलीकडं पळसाच्या माळावर बकुळा नावाची भेकरी राहायची. तिचे दिवस भरत आले होते. गेल्या खेपेला तिच्या सासूनं मोठ्या गाडीतून येणारी सुईण बोलावली होती, एक उदमांजरीण. चार डोळ्यांची गाडी होती तिची. पण पाडस पोटात आडवं होतं आणि बाईला ते हाताला कळलंच नाही. पाडस गेलं. बकुळा वाचली तेच नशीब. या वेळी बकुळा सासूला म्हणाली होती, "आणलीत तर साळूमावशीला आणा. नाहीतर मी एकटीच बाळंत होईन." आणि साळूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, की मी येईन.

आता खिंडीत होता नाका. नाक्यावर तरस. नियम असा, की दिवेलागणीनंतर गाडीचे दोन्ही डोळे पेटलेले हवेत. एक मिटलेला असला की गाडी परत.

दुसऱ्या दिवशी वद्य पंचमी होती. बकुळाची अमावस्या धरलेली. दहा दिवस हातात होते. एका दिव्याला दहा दिवस कशाला लागतात, असं साळूबाईला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटत असेल. थांबा.

सकाळी ती सुतारबुवाकडं गेली. सुतारबुवा म्हणजे सुतारपक्षी. जंगलातल्या सगळ्या जुन्या गाड्या त्यानं ठोकलेल्या. त्यानं डोळ्यावर चोचीनं टकटक केलं, कान लावला.

"आतला काजवा मेलाय."

"मग दुसरा घाल. माझ्या दारात झुडूपभर आहेत."

"घालतो की. पुढचं चाक काढावं लागेल."

"दिव्यासाठी चाक?"

"चाक काढलं की गाडीचा गाल निघतो. गाल निघाला की नाक. नाक निघालं की कपाळ. कपाळ निघालं की डोळ्याची पाठ दिसते."

साळूबाई झाडाखाली बसली. सुतारबुवानं चाक काढलं, गाल काढला, नाक काढलं, कपाळ काढलं. दुपारपर्यंत अर्धी गाडी पाल्यावर पसरली होती. मग तो आत वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय झालं, बुवा?"

"साळूबाई, पाठीला झाकण नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काजवा आत घालून चारी बाजूंनी लिंपून टाकलंय. मडक्यात गूळ ठेवून तोंडच बुजवावं, तसं. फोडल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि फोडल्यावर आत जाऊन उपयोग नाही."

त्यानं सगळं परत बसवलं. संध्याकाळ झाली. पाल्यावर तीन खिळे उरले.

"हे कुठले रे?"

सुतारबुवानं खिळ्यांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "जादाचे असतील. नवी माणसं जादा देतात. मजुरी नको. दिवा लागला नाही, तर मजुरी कसली?"

दुसऱ्या दिवशी साळूबाई सरड्याकडं गेली. सरड्याचं सेवाघर वडाच्या ढोलीत होतं. आत गार. दारात एक मैना होती, ती येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची, "आपला दिवस शुभ जावो." बसायला मऊ गादी. साळूबाई टेकली मात्र, गादीला पाच भोकं पडली.

सरडा हिरवागार होऊन आला. "या या, साळूताई! पाणी घ्या."

"पाणी नको. दिवा घाल."

सरड्यानं गाडीभोवती तीन चकरा मारल्या. डोळ्यासमोर उभा राहिला. हळूहळू पिवळा झाला.

"ताई, डोळा गेला."

"ते तर चिंचेवरच्या वानरालाही कळलं. पुढं बोल."

"डोळा सुटा मिळत नाही. कपाळासकट येतो."

"मला कपाळ नको. माझं कपाळ चांगलं आहे, बघ की."

"पण ताई, ते एकसंध असतं. आणि घ्यायची तर जोडी घ्या. नाहीतर एक डोळा तरणा, एक म्हातारा. गाडी बरी दिसत नाही."

"गाडी बरी दिसायला नको, बाबा. गाडीतून मला दिसायला हवं."

सरडा हसला. असं रोज दहा जणी बोलतात, असं ते हसणं होतं. "शिवाय नवा डोळा नुसता बसवून चालत नाही. गाडी त्याला ओळखत नाही. ओळख करून द्यावी लागते."

"कोण देतं?"

"ओळख वरून येते."

साळूबाईनं वर पाहिलं. वर वडाच्या पारंब्या होत्या.

"त्याच्याही वरून," सरडा म्हणाला. "आठ दिवस लागतात."

"अरे, नवी सून आली तर चूल तिला चार दिवसांत ओळखते!"

"चुलीचं वेगळं असतं, ताई."

साळूबाईनं बोटं मोजली. आज षष्ठी. आठ दिवसांनी चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी अमावस्या. बसत होतं. अगदी काठावर, पण बसत होतं.

"किती पडतील?"

सरडा आता नारिंगी झाला होता. "साठ पायली हिरडा. गादीच्या पाच भोकांसकट."

साळूबाईचे काटे उभे राहिले. ढोलीत खडखडाट झाला. दारातली मैना घाबरून म्हणाली, "आपला दिवस शुभ जावो."

"साठ पायलीत माझी आधीची सगळी गाडी आली होती! वर घंटा!"

"तिला डोळे नव्हते, ताई."

"एक सांग. नुसता आतला काजवा केवढ्याचा?"

सरड्याला प्रश्नच कळला नाही. "काजवा?" तो म्हणाला. "काजवा फुकट असतो, ताई."

मग त्यानं आवाज खाली आणला. "विमा आहे ना तुमचा? कशाला धडकला असेल डोळा, तर विम्यात बसतं."

"नाही धडकला. आपोआप मेला."

"मग नाही बसत. ते नैसर्गिक मरण."

"आणि धडकला असता तर?"

"तर दोन्ही डोळे, कपाळ, नाक, सगळं फुकट. आणि घाईची केस म्हणून तीन दिवसांत."

साळूबाई घरी निघाली. वाटेत तिला चिंचेचं झाड लागलं. झाड केवढं! दोघींच्या कवेत न मावणारं. आयुष्यभर ती त्या झाडावरून गेली होती, पण ते इतकं कामाचं झाड आहे, हे तिच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

तुम्ही असं करू नका हं. पण साळूबाईनं केलं. तिनं गाडी मागं घेतली, देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि गाडी सोडली थेट चिंचेवर.

गाडी झाडाच्या हातभर अलीकडं येऊन थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, "पुढे अडथळा आहे. कृपया जपून."

"अगं बये, तोच तर हवाय!"

तिनं पुन्हा गाडी मागं घेतली. पुन्हा सोडली. पुन्हा हातभर अलीकडं. "पुढे अडथळा आहे. कृपया जपून." तिसऱ्यांदा तिनं तिरकी घातली. गाडीनं आपणहून वळण घेतलं, झाडाला वळसा घातला आणि परत जागेवर येऊन उभी राहिली.

वर हुप्प्या वानर चिंचा खायचा थांबला होता. "साळूबाई," तो म्हणाला, "प्रदक्षिणा घालताय? वडाला घालतात. ही चिंच आहे."

साळूबाईनं गाडी वळवली. घरी गेली, पावसाळ्यासाठी राखलेला हिरडा पोत्यांतून काढला, त्यातला तीस पायली सरड्याकडं पोचता केला. उरलेला डोळा आल्यावर. सरड्यानं तिला मोठी पावती दिली. वाचता येत नव्हती, पण चांगली जाड होती.

पहिला दिवस गेला. दुसरा, तिसरा गेला. चौथ्या दिवशी तिनं निरोप पाठवला, तर उत्तर आलं, "डोळा निघाला आहे." पाचव्या दिवशी उत्तर आलं, "डोळा पोचतो आहे." सहाव्या दिवशी, द्वादशीला, दिवस मावळताना टिटवी आली.

"साळूमावशी! चल! बकुळाला कळा सुरू झाल्या. तीन दिवस आधीच! आणि मावशी... पाय दिसतोय. डोकं नाही, पाय!"

साळूबाईनं विचार केला नाही. गाडीत बसली. एक डोळा उघडा, एक मिटलेला, तशी गाडी तिनं खिंडीच्या रस्त्याला घातली. नाक्यावर येईस्तोवर पुरता अंधार पडला होता.

तरस आडवा आला. "थांबा. एक डोळा? परत फिरा."

"अरे, मी आहे. साळू."

"ओळखलं, मावशी. पण एक डोळा."

"भेकरी अडलीय. पाडस पायाकडून येतंय. मी गेले नाही तर हेही जाईल, आणि कदाचित तीही."

तरसाचा चेहरा पडला. जातीनं तरस असला तरी मनानं वाईट नव्हता. पण नियमाची पाटी त्याच्या गळ्यात होती.

"मावशी, मी सोडलं तर उद्या माझ्या गळ्यातली पाटी जाईल."

"तुझ्या गळ्याचं मला सांगतोस? जन्मलास तेव्हा नाळ होती गळ्याभोवती, दोन वेढे! ती कुणी सोडवली? आणि अमावस्येच्या रात्री. एकसुद्धा दिवा नव्हता तेव्हा."

"म्हणूनच जमलं, मावशी," तरस खाली मान घालून म्हणाला. "तेव्हा नियम नव्हता."

मागं गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजू लागले. तरस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "हुकूम गाड्या अडवायचा आहे. चालत जाणाऱ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. कुणी चालतच नाही, तर लिहिणार कशाला?"

साळूबाई गाडीतून उतरली.

उतरली खरी, पण तिला काही म्हणजे काही दिसेना. मागच्या गाड्यांचे डोळे तिच्या डोळ्यांत घुसले होते. वर्षभर ती उजेडामागं बसून हिंडली होती. जिच्या आईनं, आजीनं, पणजीनं कधी दिवसा बिळाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती साळूबाई अंधारात दोन पावलं टाकून दगडाला ठेचकाळली.

"आई गं," ती म्हणाली आणि तिथंच दगडावर बसली. पाठ गाड्यांकडं केली. डोळे घट्ट मिटले. पलीकडं बकुळा कण्हत असणार. पळत सुटावंसं वाटत होतं, पण पळून दरीतच जायची. मग तिनं मनातल्या मनात बकुळाच्या पाडसाला सांगितलं, थांब रे राजा, थोडा दम धर, तुझ्या सुईणीला तिचे डोळे सापडत नाहीयेत.

मग तिनं डोळे उघडले.

आधी काळं. मग काळ्यात करडं. करड्यात करवंदीची जाळी. जाळीखाली एक बारीक वाट, तिच्या आजीच्या पायांनी पडलेली. गाडीरस्ता बारा वळणं घेत डोंगर उतरायचा. ही वाट सरळ खाली जायची, जाळीतून, कपारीतून. कुठल्याच गाडीला ती ठाऊक नव्हती.

साळूबाई पाठीवरचे काटे मिटवून जाळीत शिरली. आता तिला पान न् पान दिसत होतं. वरच्या रस्त्यावर झगझगीत डोळ्यांच्या गाड्या एकमेकींना दिपवत, थांबत, ओरडत सरकत होत्या. त्या सहाव्या वळणावर होत्या, तेव्हा ती माळावर पोचली.

बकुळा पळसाखाली आडवी होती. डोळे पांढरे व्हायला आले होते. साळूबाईनं हात चोळून गरम केले आणि पोटावर ठेवले.

"आलीस मावशी?"

"आले. आता बोलू नकोस. मी सांगीन तेव्हा जोर लाव. आत्ता नको. नको म्हटलं ना! कुणाला घाई झालीय, तुला की त्याला?"

"त्याला," बकुळा कळेतही हसली.

साळूबाईनं बाहेर आलेला पाय हलक्या हातानं आत सारला. डोळे मिटून चाचपलं. इथं पाठ. इथं मान. तिनं पाडसाला पोटातल्या पोटात बोटभर, बोटभर फिरवलं. कपाळावरून घाम ठिबकत होता. "हं. आता. लाव जोर!"

पाडस बाहेर आलं. निळसर होतं, हलत नव्हतं. साळूबाईनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, नाकात फुंकर घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाडस शिंकलं आणि सुईणीच्या हनुवटीला लाथ मारून तिच्याकडं रागानं बघायला लागलं.

"मुलगी आहे," साळूबाई म्हणाली. "आत्यावर गेलीय."

बकुळा रडली. साळूबाईही थोडी रडली, पण दिसू दिलं नाही. आणि थोरली भेकरी, म्हणजे बकुळाची सासू, माळाच्या कडेपर्यंत जाऊन रस्त्याकडं डोकावून आली.

"गाडी कुठं लावलीस गं?"

"गाडी नाक्यावर. मी पायी आले."

"पायी?" सासूनं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या भेकरी कान टवकारून उभ्या होत्या. "हळू बोल. आमच्या घरी पायी आलेली सुईण? बारशाला चार लोक विचारतील, सुईण कशानं आली होती. काय सांगू?"

"पाडस जिवंत आहे, हे सांगा."

"ते आहेच गं. ते कोण नाही म्हणतंय? पण ती उदमांजरीण बघ, चार डोळ्यांची गाडी घेऊन आली होती. सगळा माळ उजळला होता!"

साळूबाईच्या जिभेवर आलं, की आणि मग काय झालं होतं? पण बाळंतिणीसमोर ते बोलायचं नसतं. तिनं ते गिळलं. खणानारळाची रीत होती, नारळ आला. खण कुणाला सापडला नाही.

निघताना बकुळानं तिचा पंजा धरला. "मावशी, पुढच्या खेपेलाही तूच ये. शपथ आहे तुला."

"येईन की."

"आणि मावशी..." बकुळानं सासूकडं पाहिलं, मग आवाज अगदी बारीक केला, "तेवढा डोळा मात्र बसवून घे हं."

पहाटे साळूबाई चढण चढून नाक्यावर आली. गाडी रस्त्यात उभी ठेवल्याबद्दल तरसानं तिच्यावर पाच पायलीचा दंड लावला होता. दंडाच्या कागदाबरोबर एक रानकेळ्यांचा फणाही ठेवला होता. तो मात्र त्याच्या घरचा होता.

तिनं उरलेला तीस पायली हिरडा पोचता केला. चतुर्दशीला डोळ्यांची जोडी आली, कपाळासकट. ओळख आली ती दुसऱ्याच कुणाच्या गाडीची. मग ती परत वर गेली, परत खाली आली. बाराव्या दिवशी, नेमक्या बारशाच्या सकाळी, गाडीनं नव्या डोळ्यांना ओळखलं एकदाचं.

आणि साळूबाई बारशाला गेली. कशी गेली? रखरखीत उन्हात, भर दुपारी, दोन्ही डोळे लख्ख पेटवून. नाक्यावर तरसानं सलाम केला. माळावरच्या भेकरी बाजूला सरल्या. थोरली भेकरी धावत पुढं आली, "आली आमची सुईण!" म्हणाली, तिला पाटावर बसवलं, ओटी भरली, भारीतलं लुगडं दिलं. मग शेजारणींकडं वळून सांगितलं, "हिच्या उजेडात झालं हो सगळं. म्हणून वाचलं पाडस."

साळूबाईनं पाडसाकडं पाहिलं. पाडसानं साळूबाईकडं पाहिलं. खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि एकीला अजून बोलता येत नव्हतं.

"हो," दुसरी म्हणाली. "उजेड चांगला होता."

तात्पर्य : मुलांनो, देवानं दिलेल्या डोळ्यांवर कधी विसंबू नका. ते फुकट मिळालेले असतात, त्यांची पावती नसते, आणि त्यांनी अंधारात काय काय पाहिलं हे सांगितलं तर कुणी लुगडं देत नाही. शहाण्यानं असाच डोळा घ्यावा, जो मिटला की साठ पायली जातात. मग चार लोक म्हणतात, हिला काहीतरी दिसत होतं खरं.